मृत्युपत्र, नॉमिनी आणि वारसाहक्क: ठाणे-नवी मुंबईतल्या घरांमधून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी ठाण्यात वकिली करते. कोर्टनाक्याजवळच्या माझ्या टेबलासमोर, नौपाड्यातल्या ज्येष्ठ नागरिकांच्या कट्ट्यावर, ऐरोली-नेरुळच्या सोसायट्यांची सर्वसाधारण सभा संपल्यावर जिन्यात थांबून लोक जे विचारतात, ते इथे एकत्र केलं आहे. उत्तरं मुख्यतः हिंदू कुटुंबांना धरून आहेत. बौद्ध, जैन आणि शीख कुटुंबांनाही हाच उत्तराधिकार कायदा लागतो. मुस्लिम आणि ख्रिस्ती कुटुंबांसाठी पुढे वेगळा प्रश्न आहे. प्रत्येक घराची गुंतागुंत निराळी असते, म्हणून सही करण्याआधी कागद एकदा आपल्या वकिलाला दाखवा.

आमच्या घरात भांडण नाही. दोनच मुलं, दोघंही समंजस. मग मृत्युपत्र कशाला?

भांडण नसलं तरी सह्या लागतात. माझ्याच घरचं सांगते.

बाबा गेले तेव्हा कळव्याचा फ्लॅट त्यांच्या एकट्याच्या नावावर होता. मृत्युपत्र केलेलं नव्हतं. घर आता आईचं, असं आम्ही धरूनच चाललो होतो. पण हिंदू उत्तराधिकार कायदा, १९५६ असं सांगतो की पुरुष मृत्युपत्र न करता गेला तर पहिल्या वर्गातल्या वारसांना सारखा वाटा मिळतो, आणि त्या वर्गात पत्नी, मुलगा, मुलगी यांच्या बरोबरीने मृताची आईही येते. वडील मात्र येत नाहीत, ते दुसऱ्या वर्गात. आमची आजी तेव्हा हयात होती. म्हणजे आई, मी, भाऊ आणि आजी, प्रत्येकी पाव हिस्सा.

आजी आठ महिन्यांनी गेली. आजोबा आधीच गेले होते, त्यामुळे तिचा पाव हिस्सा तिच्या मुलांकडे गेला: दोन काका, आत्या, आणि बाबांच्या जागी आम्ही भावंडं. सगळी प्रेमाची माणसं, कुणी एक रुपया मागितला नाही. तरीही आईला ते घर विकून लिफ्ट असलेल्या इमारतीत लहान घर घ्यायचं होतं, तेव्हा काकांना महाडहून आणि आत्याला इंदूरहून हक्कसोडपत्रावर सही करायला यावं लागलं. आत्याचा गुडघा नुकताच बदलला होता. निबंधक कार्यालयाचा जिना ती माझा खांदा धरून एकेक पायरी चढली, मधल्या वळणावर दोनदा टेकली. तारखा जुळेपर्यंत ठरलेलं गिऱ्हाईक निघून गेलं होतं.

बाबांनी "माझ्यामागे हा फ्लॅट माझ्या पत्नीला मिळावा" एवढं दोन साक्षीदारांसमोर लिहून ठेवलं असतं, तर आत्याला तो जिना चढावा लागला नसता.

सोसायटीत आणि बँकेत नॉमिनी लावलाय. तेवढं पुरत नाही का?

नाही. मला सगळ्यात जास्त विचारला जाणारा आणि सगळ्यात जास्त घरांना महागात पडणारा हा समज आहे.

नॉमिनी म्हणजे ज्याच्या हाती संस्था वस्तू सोपवते तो. तो मालक होतोच असं नाही. तो विश्वस्तासारखा असतो, वस्तू स्वीकारतो आणि खऱ्या वारसांना देणं लागतो. विम्याच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाने हे १९८३ मध्येच सांगितलं. शेअर आणि म्युच्युअल फंडांच्या नॉमिनीबद्दल बरीच वर्षं गोंधळ होता, तोही डिसेंबर २०२३ च्या निकालाने मिटला: तिथेही वारसाहक्कच वरचढ. अपवाद विम्याचा. २०१५ च्या दुरुस्तीनंतर आई-वडील, नवरा-बायको किंवा मुलं नॉमिनी असतील, तर पॉलिसीचे पैसे साधारणपणे त्यांचेच होतात.

गृहनिर्माण संस्थांसाठी २०१९ मध्ये महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमात स्वतंत्र प्रकरण आलं. त्यानुसार सभासद गेल्यावर नॉमिनीला तात्पुरता सभासद करून घेतलं जातं, आणि वारस ठरेपर्यंतच ते सभासदत्व असतं. म्हणून भाग दाखल्यावर (सोसायटीच्या शेअर सर्टिफिकेटवर) नाव चढलं की घर झालं, असं मानू नका.

तरीसुद्धा नॉमिनी लावाच. त्याच्यामुळे बँक पैसे लवकर मोकळे करते आणि घरात हातखर्चाची अडचण पडत नाही. १ नोव्हेंबर २०२५ पासून बँकेच्या ठेवींना चारपर्यंत नॉमिनी लावता येतात, टक्केवारीसह. शक्यतो मृत्युपत्रात ज्याला वस्तू दिली आहे, त्यालाच नॉमिनी करा. भविष्य निर्वाह निधीचं नामांकन लग्नानंतर नव्याने भरा. मुलाने नोकरी लागली तेव्हा आईचं नाव टाकलेलं असतं आणि पुढे वीस वर्षं ते पान कुणी उघडत नाही.

मृत्युपत्र कशावर लिहायचं? स्टॅम्प पेपर किती रुपयांचा?

साध्या कागदावर. मृत्युपत्राला मुद्रांक शुल्क नाही. हाताने लिहा किंवा टंकलिखित करा, मराठीत लिहा. ठरावीक नमुनाही कायद्यात नाही. "राजीखुशीने व अक्कलहुशारीने, कोणाच्याही दडपणाशिवाय" हे शब्द जुन्या दस्तांमधून चालत आले आहेत. ते असावेत, पण कागद टिकतो तो मजकूर स्पष्ट असला तर.

लिहिणारा अठरा वर्षांवरचा आणि भानावर असला पाहिजे. भारतीय उत्तराधिकार अधिनियम, १९२५ च्या कलम ६३ प्रमाणे त्याची सही किंवा अंगठा हवा आणि किमान दोन साक्षीदारांच्या सह्या हव्यात. साक्षीदारांनी त्याला सही करताना पाहिलेलं असावं, किंवा "ही सही माझीच" असं त्याने त्यांना सांगितलेलं असावं.

प्रत्येक पानावर सही करा, पानांना क्रमांक घाला, खाडाखोड असेल तिथे बाजूला सही करा. फ्लॅट लिहिताना नुसतं "माझं राहतं घर" असं लिहू नका. सदनिका क्रमांक, सोसायटीचं नाव, भाग दाखल्याचा क्रमांक, मौजे आणि सर्व्हे क्रमांक लिहा. गावठाणातल्या घराला कित्येकदा मालमत्ता पत्रक नसतं. तिथे घरपट्टीचा क्रमांक आणि चतुःसीमा घाला. शेवटी एक ओळ हमखास असू द्या: "वर उल्लेख न केलेली व पुढे मला मिळणारी सर्व मालमत्ता अमुक यांस मिळावी." ती नसली की राहून गेलेल्या एका ठेवीसाठी सगळ्या वारसांना पुन्हा एकत्र यावं लागतं.

साक्षीदार कुणाला करावं?

तुमच्यापेक्षा वयाने लहान, धडधाकट आणि पुढे सापडेल अशा माणसाला. मृत्युपत्र कोर्टात सिद्ध करायची वेळ आली तर हयात साक्षीदारांपैकी निदान एकाला बोलवावं लागतं. माझ्याकडे येणाऱ्या कित्येक मृत्युपत्रांवर बाकावरच्या दोन समवयस्क मित्रांच्या सह्या असतात, आणि कागद उघडायची वेळ येते तेव्हा तिघंही गेलेले असतात. शेजारचा नोकरी करणारा मुलगा, ओळखीचे डॉक्टर, सोसायटीचा तरुण पदाधिकारी चालेल. ज्याला काही मिळणार आहे त्याला आणि त्याच्या नवऱ्या-बायकोला साक्षीला घेऊ नका. हिंदूंच्या बाबतीत तेवढ्याने देणगी रद्द होत नाही, पण शंकेला जागा होते. ख्रिस्ती कुटुंबात मात्र साक्षीदाराला दिलेली देणगी रद्दच होते.

वय जास्त असेल किंवा आजारपण असेल, तर त्याच दिवशी डॉक्टरांचा दाखला घ्या.

नोंदणी करायलाच हवी का? नोटरी चालते का?

नोंदणी ऐच्छिक आहे. न नोंदलेलं मृत्युपत्रही पूर्ण वैध असतं. नोटरीची गरज नाही, आणि नोटरीचा शिक्का म्हणजे नोंदणी नव्हे.

माझा सल्ला मात्र नोंदणी कराच असा आहे. फी शंभर रुपये, वर दस्त हाताळणीचा किरकोळ खर्च. दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात तुमचा फोटो आणि अंगठ्याचा ठसा घेतला जातो, त्यामुळे "ही सही बाबांची नाही" असं म्हणणं पुढे कठीण जातं. मूळ कागद हरवला तरी नक्कल मिळते. आणि तुम्ही हयात असेपर्यंत ती नक्कल तुमच्याशिवाय कुणाला मिळत नाही, याचा पुष्कळांना धीर वाटतो.

एक आजी माझ्यासोबत आल्या होत्या. आयुष्यभर भांडी घासून बोटांवरच्या रेषा पुसल्या गेलेल्या, यंत्रावर ठसा उमटेना. लिपिकाने ओल्या रुमालाने त्यांचा अंगठा पुसला, दोन मिनिटं थांबायला लावलं, पाचव्या वेळी ठसा उमटला. बाहेर आल्यावर त्या म्हणाल्या, "पहिल्यांदाच कुठल्या कागदावर माझा फोटो मालकीण म्हणून लागला." अंथरुणाला खिळलेल्या माणसासाठी निबंधकांना गृहभेटीची विनंती करता येते. अर्ज करा, उशीर करू नका.

आमची इमारत पुनर्विकासाला जाणार आहे. आत्ता लिहिलेलं मृत्युपत्र नंतर चालेल का?

नौपाडा, पाचपाखाडी, वर्तकनगर, वाशीची जुनी सेक्टरं, सगळीकडून हा प्रश्न येतो. मृत्युपत्रात "दुसऱ्या मजल्यावरची सदनिका क्रमांक सात" असं लिहिलं आणि इमारत पाडली गेली, तर ज्या वस्तूचं नाव घेतलं ती वस्तूच उरत नाही. मग ती देणगी टिकते की नाही यावर वाद होतो. उपाय एका वाक्याचा आहे: "सदर सदनिका, किंवा पुनर्विकासानंतर तिच्या बदल्यात मिळणारी सदनिका, तसेच त्यापोटी देय असलेलं भाडं व कॉर्पस रक्कम." भाडं आणि कॉर्पसचा (विकासक सभासदांना देतो त्या रकमेचा) उल्लेख बहुतेकांकडून राहून जातो, आणि विकासकाचा धनादेश कुणाच्या नावे काढायचा यावर काम अडतं. करारावर सही झाली असेल तर त्याची तारीख आणि दस्त क्रमांकही लिहा.

सिडकोचं घर आहे. साडेबारा टक्क्यांचा भूखंड आहे. तिथे काही वेगळं?

वेगळं आहे. सिडकोने जमीन साधारणपणे ६० वर्षांच्या भाडेपट्ट्याने दिली आहे, म्हणून मृत्युपत्रात "भाडेपट्ट्याचे हक्क व त्यावरील बांधकाम" असे शब्द घाला. मृत्यूनंतर सोसायटीबरोबर सिडकोच्या नोंदीतही नाव बदलून घ्यावं लागतं.

साडेबारा टक्क्यांच्या भूखंडात, म्हणजे संपादित जमिनीच्या बदल्यात मिळालेल्या भूखंडात, मूळ अडचण मागच्या पिढ्यांची असते. नवी मुंबईसाठी ठाणे, पनवेल आणि उरणकडची ९५ गावं घेतली गेली. जमीन गेलेल्यांच्या १९८४ च्या जासईच्या आंदोलनात माणसांचे जीव गेले, आणि पुढे प्रकल्पग्रस्तांना हा मोबदला मिळाला. सातबाऱ्यावर आजोबांचं नाव, त्यांना सहा मुलं-मुली, त्यांतले चार गेलेले, आता वारस पंचवीस. अशा वेळी दिवाणी न्यायालयाचा वारस दाखला लागतो. तो आजही १८२७ च्या मुंबई विनियमाखाली मिळतो. भाडेपट्टा एकत्र नावाने झाला असेल, तर तुम्ही मृत्युपत्राने फक्त तुमचा हिस्सा देऊ शकता. तो किती आहे हे वंशावळ मांडून आधी ठरवा.

आणि बहिणींविषयी स्पष्ट सांगते. गावठाणात अजूनही साडीचोळी देऊन बहिणीची हक्कसोडपत्रावर सही घेतली जाते. तिला हिस्सा सोडायचा असेल तर तो तिचा अधिकार आहे. पण त्या भूखंडाची आजची किंमत तिला सांगा, कागद तिला वाचून दाखवा आणि मगच सही मागा. मी असा दस्त करताना बहिणीशी पाच मिनिटं एकटीशी बोलल्याशिवाय पुढे जात नाही.

वडिलोपार्जित मालमत्तेत लग्न झालेल्या मुलीला हक्क असतो का?

असतो, मुलाइतकाच आणि जन्मापासून. २००५ च्या केंद्रीय दुरुस्तीने तो आला. महाराष्ट्राने १९९४ मध्येच दुरुस्ती केली होती, पण २२ जून १९९४ पूर्वी लग्न झालेल्या मुली तिच्यातून वगळल्या होत्या. ते बंधन आता उरलेलं नाही. ९ सप्टेंबर २००५ ला वडील हयात असण्याची गरज नाही, हे सर्वोच्च न्यायालयात विनीता शर्मा खटल्यात ११ ऑगस्ट २०२० रोजी ठरलं. २० डिसेंबर २००४ पूर्वी नोंदणीकृत दस्ताने किंवा कोर्टाच्या हुकुमाने झालेलं वाटप मात्र उघडता येत नाही.

वडिलांनी स्वतःच्या पगारातून घेतलेला फ्लॅट वडिलोपार्जित नसतो. तो ते कुणालाही देऊ शकतात. वडिलोपार्जितात मृत्युपत्र चालतं ते फक्त त्यांच्या स्वतःच्या हिश्श्यापुरतं.

मृत्युपत्र नवऱ्याने केलंय. बायकोने वेगळं करायचं का?

हो. हा प्रश्न विचारला गेला नाही तरी मी स्वतः काढते.

हिंदू स्त्री मृत्युपत्र न करता गेली तर तिची मालमत्ता आधी मुलांना आणि नवऱ्याला मिळते. ते कुणी नसतील, तर नवऱ्याच्या वारसांना. तिचे स्वतःचे आई-वडील त्यानंतर. तिने स्वतः कमावलेल्या मालमत्तेलाही हाच क्रम लागतो. माझ्याकडे एक परिचारिका आल्या होत्या. नवरा लग्नानंतर तीन वर्षांत गेला, मूल नाही, सासरचा संबंध तेव्हाच तुटलेला. रात्रपाळ्या करून त्यांनी कोपरखैरण्याला घर घेतलं आणि तिथे त्या आईसोबत राहत होत्या. उद्या त्यांचं काही झालं तर ते घर आईकडे न जाता दिराकडे जाईल, हे ऐकल्यावर त्या बराच वेळ काही बोलल्याच नाहीत. मग पर्समधून पेन काढलं आणि म्हणाल्या, "आजच लिहू." आई-वडिलांकडून वारशाने आलेल्या मालमत्तेला वेगळा नियम आहे, मूलबाळ नसेल तर ती वडिलांच्या वारसांकडे परत जाते. पण कमाईच्या घराला तो आधार नाही. नोव्हेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने याच कारणासाठी महिलांना मृत्युपत्र करण्याचं आवाहन केलं.

नवरा-बायकोने एकाच कागदावर मिळून लिहू नका, दोघांचे दोन स्वतंत्र कागद करा. दागिने लिहिताना "सोनं मुलींना" एवढ्यावर थांबू नका. पाटल्या कुणाला, मोहनमाळ कुणाला, नथ कुणाला, लॉकर कोणत्या बँकेत, असं एकेक लिहा.

त्यापेक्षा आत्ताच बक्षीसपत्र करून मुलाच्या नावावर केलं तर?

राहतं घर असेल तर घाई करू नका, असं मी प्रत्येकाला हात जोडून सांगते.

बक्षीसपत्र स्वस्त आहे. महाराष्ट्रात राहतं घर किंवा शेतजमीन नवरा, बायको, मुलगा, मुलगी, नातवंडं किंवा मृत मुलाची पत्नी यांना बक्षीस दिली तर मुद्रांक शुल्क २०० रुपये, स्थानिक अधिभार लागत असेल तो वेगळा. पण नोंदणी झाली की घर त्याच दिवशी तुमचं राहत नाही. मुलाने ते गहाण टाकलं, त्याचा घटस्फोट झाला, किंवा तो तुमच्याआधी गेला, तर तुम्ही दुसऱ्याच्या घरात राहत असता. मृत्युपत्र तुम्ही हयात असेपर्यंत कितीही वेळा बदलू शकता, बक्षीसपत्र मनात आलं म्हणून फिरवता येत नाही.

द्यायचंच ठरलं असेल, तर दस्तात दोन गोष्टी लिहून घ्या: तुम्हा दोघांचा तहहयात राहण्याचा हक्क आणि मुलाने तुमचा सांभाळ करण्याची अट. ज्येष्ठ नागरिकांच्या २००७ च्या कायद्याचं कलम २३ अशा अटीच्या आधारावर दस्त रद्द करून देऊ शकतं. अर्ज प्रांताधिकाऱ्यांच्या न्यायाधिकरणापुढे करायचा. अट लिहिलेली नसली की तिथे फार झगडावं लागतं.

घर दोघांच्या नावावर आहे. एक गेला की दुसऱ्याचं आपोआप होतं ना?

नाही. गेलेल्याचा हिस्सा त्याच्या वारसांकडे जातो. म्हणून दोघांनी आपापल्या हिश्श्याचं मृत्युपत्र करावं.

प्रोबेट लागतं का?

प्रोबेट म्हणजे मृत्युपत्र खरं असल्याचा कोर्टाचा दाखला. ठाणे आणि नवी मुंबईत केलेल्या मृत्युपत्रातल्या इथल्या मालमत्तेला ती सक्ती कधीच नव्हती. मुंबई शहर आणि उपनगरं उच्च न्यायालयाच्या मूळ अधिकारक्षेत्रात येतात, म्हणून मुलुंड चेकनाक्याच्या पलीकडे ती होती. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने १९२५ च्या अधिनियमातलं कलम २१३ वगळलं आणि तिकडचीही सक्ती गेली. मात्र वारसांमध्ये वाद असेल तर प्रोबेट घेतलेलं बरं, कारण सोसायटी आणि बँक वादातल्या कागदावर नाव चढवायला कचरतात.

मुस्लिम आणि ख्रिस्ती कुटुंबांचं काय?

मुस्लिम व्यक्ती अंत्यविधीचा खर्च आणि देणी भागवून उरलेल्या मालमत्तेच्या एक तृतीयांशापर्यंतच मृत्युपत्राने देऊ शकते. त्याहून जास्त द्यायचं, तर वारसांची संमती लागते. ख्रिस्ती कुटुंबांना १९२५ चा अधिनियम थेट लागू होतो, आणि तिथे लग्न झालं की आधीचं मृत्युपत्र रद्द होतं. हिंदूंच्या बाबतीत तसं होत नाही.

वारसा कर लागतो का?

नाही. संपदा शुल्क १९८५ मध्येच रद्द झालं. वारसाने पुढे घर विकलं तर भांडवली नफ्याचा हिशेब करावा लागतो.

मुलगा अमेरिकेत आहे, त्याला कुलमुखत्यारपत्र दिलंय. आमच्यामागे तो त्यावर सगळं करू शकेल ना?

तुमचा श्वास थांबला की मुखत्यारपत्रही संपतं. त्यानंतर त्यावर काढलेले पैसे किंवा केलेला दस्त वादात सापडतो. तुमच्यामागचं काम मृत्युपत्रातला व्यवस्थापक, म्हणजे त्याप्रमाणे वाटप करायला तुम्ही त्यात नेमलेला माणूस, करतो. तो इथे राहणारा, कागदांची जाण असलेला निवडा आणि त्याला आधी विचारून घ्या. तो आधी गेला तर दुसरा कोण, तेही लिहा.

आमची मुलगी विशेष आहे, ती स्वतः व्यवहार करू शकत नाही. तिच्यासाठी काय?

नुसतं तिच्या नावावर पैसे ठेवून भागत नाही, ते वापरायला माणूस लागतो. मृत्युपत्रातूनच ट्रस्ट करा: विश्वस्त दोन असू द्या, पैसे कशावर खर्च करायचे ते लिहा, तिच्यानंतर उरलेलं कुणाकडे जावं तेही लिहा. अठरा वर्षांनंतरच्या पालकत्वासाठी १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली स्थानिक समितीकडे अर्ज करता येतो. तो तुम्ही हयात असताना करा. आणि एका वहीत तिचं रोजचं लिहून ठेवा: औषधाच्या वेळा, तिला भात कसा कालवून लागतो, विजा कडाडल्या की ती कुठे जाऊन बसते. हे कायद्याच्या कुठल्याच कागदात येत नाही, आणि पहिल्या रात्री ज्याच्याकडे ती असेल त्याला हेच लागणार आहे.

नंतर मन बदललं तर?

नवं मृत्युपत्र करा आणि त्यात "यापूर्वीची सर्व मृत्युपत्रे रद्द" असं लिहा. तारखेने शेवटचं तेच चालतं, जुनं नोंदणीकृत असलं आणि नवं नसलं तरी. लहान बदलासाठी पुरवणीपत्र पुरतं, पण त्यालाही सही आणि दोन साक्षीदार लागतातच.

मूळ प्रत कुठे ठेवायची?

फक्त बँकेच्या लॉकरमध्ये नको. लॉकर उघडायला जो कागद लागेल तोच लॉकरच्या आत राहतो. मूळ प्रत घरात, व्यवस्थापकाला माहीत असलेल्या जागी ठेवा, आणि झेरॉक्स त्याच्याकडे. हवं तर बंद लिफाफ्यात जिल्हा निबंधकांकडेही ठेवता येतं. सोबत एक साधा कागद जोडा: कोणत्या बँकेत खातं, कोणती पॉलिसी, डीमॅट कुठे, कुणाचं देणं, कुणाकडून येणं, भाग दाखला आणि मूळ करारनामा कुठे आहे. त्यावर तारीख घाला. दरवर्षी दिवाळीची साफसफाई करताना तो काढून वाचा, बंद झालेली खाती खोडा, नवी लिहा, आणि बायकोला किंवा नवऱ्याला समोर बसवून एकदा मोठ्याने वाचून दाखवा.